वारुळाचा ठिपका

तिसऱ्या दिवशी बैराच्या कचेरीत जनरेटर धडधडला
आणि सगळ्यात आधी छापून निघाली नदी.
काळी शाई पुरेना.
बुझी नदी कागदात मावत नव्हती,
कडांवरून उतू जात होती.
तो कागद अजून आहे माझ्याकडे,
घडीवर फाटलेला.

वर सलग चार दिवस ढग.
त्यांच्या आरपार पाहणारी नजर कुणा एकाची नव्हती.
रात्री दोनला डोक्यावरून गेला तो एका देशाचा उपग्रह,
पहाटेचा दुसऱ्या देशाचा,
आणि त्या दोन देशांचं आपसात धड बोलणं नाही,
रेडिओवर ऐकतो ना आम्ही.
आमच्या पाण्याविषयी मात्र बोलले.
कुणी सही केली, कुणी नाक मुरडलं असेल,
मला ठाऊक नाही.
माझ्यापर्यंत पोचली ती चित्रं
आणि हनोईहून थुई नावाच्या मुलीची चिठ्ठी,
मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये:

काळं दिसतं ते पाणी.
राखाडी ती जमीन.
फार उजळ दिसेल तिथे हायसं वाटून घेऊ नका,
पाण्यात उभी राहिलेली घरं
लहर परत फेकतात,
म्हणून चमकतात.
माझ्या आईचं गावही एकदा असंच चमकलं होतं.

सोळा वर्षं नकाशे काढले मी.
उजळ म्हणजे कोरडं, उजळ म्हणजे वाचलेलं,
एवढंच शिकले होते.
त्या रात्री गावं मोजली, एकेक लखलखतं गाव,
आणि डोळे मिटून घेतले.

फानुएल आला तो डिझेल मागायला.
ओली टोपी सरळ टेबलावर.
नकाशा बघितला, मान वाकडी केली,
मग कागदच फिरवला
आणि समुद्र आपल्या पोटाशी घेतला.
“होडी इकडून निघते, दोना झुल्मिरा.
तुम्ही नदी उलटी छापलीय.”

काळ्यावर तीन बारीक पांढरे ठिपके होते.
थुईनं शेजारी लिहिलं होतं:
बहुतेक यंत्राचा गोंगाट, दुर्लक्ष करावं.
फानुएलचं बोट तिथेच थांबलं.
वंगण लागलेलं बोट, ठिपका झाकून टाकणारं.
“हे मुशेम. वारूळ.
माझ्या मामीच्या काजूच्या पलीकडचं.
दोन पुरुष उंच. पाणी चढलं की सगळे त्यावर जातात,
शेळ्या, साप, पोरं.
त्या दिवशी कुणी कुणाला चावत नाही.”

आकाशातून इतकी मोठी नजर आली होती,
इतक्या देशांच्या खर्चानं,
आणि तिला मामी ठाऊक नव्हती.
फानुएलला मामी ठाऊक होती,
पण ढगांखाली, या अफाट काळ्यात,
वारूळ अजून उभं आहे की विरघळलं
हे त्याला कुणी सांगितलं नसतं.

डिझेल दिलं. सही नंतर घेऊ म्हटलं.

पहिल्या ठिपक्यावर अकरा माणसं निघाली
आणि एक शिलाई मशीन,
जे मामी होडीत चढताना सोडेना.
दुसऱ्यावर नुसतं टोपलं.
टोपल्याविषयी फानुएल काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.
तिसरा ठिपका खरोखरच गोंगाट होता.
तासभर घिरट्या घातल्या, अंधार पडला,
शिव्या देत परतला.

मी थुईला कळवलं, तिन्ही गोष्टी, जशाच्या तशा.
उत्तरात एकच ओळ: मुशेमचं स्पेलिंग काय?

पाचव्या दिवशी नवा नकाशा आला.
खुणांच्या यादीत पूल, दवाखाना, शाळा
आणि त्यांच्याखाली छोटा त्रिकोण: मुशेम.
तळाशी उपग्रहांची नावं, संस्थांची चिन्हं,
कुठकुठले झेंडे दाटीवाटीनं,
आणि अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात:
स्थानिक माहिती, फानुएल, नावाडी.

त्याला वाचून दाखवलं.
त्यानं कागद हातात घेतला, दिव्यापाशी नेला,
बराच वेळ बघत राहिला.
मग फिरवला, समुद्र पोटाशी घेतला.
“अजून उलटीच छापताय,” म्हणाला,
आणि डिझेलचा डबा पुढे केला.